थोडे, पण रोज : विद्यार्थ्याच्या यशाचा मार्ग

हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर सर्वप्रथम ज्या पाच आयती अवतरल्या, त्यांचा आरंभ वाचनाच्या आज्ञेने होतो. ‘अल्-अलक’ या सूरहमधील त्या आयतींत लेखणीचा उल्लेख आहे आणि मनुष्याला जे ठाऊक नव्हते ते अल्लाहने त्याला शिकविले, असेही सांगितले आहे. ‘अन्-नहल’ सूरहच्या ७८ व्या आयतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मातेच्या उदरातून बाहेर येताना मनुष्याला काहीही ठाऊक नसते; अल्लाहने त्याला कान, डोळे आणि हृदय दिले, ते अशासाठी की त्याने कृतज्ञ व्हावे. म्हणजे न जाणणे हा मनुष्याचा दोष नव्हे, ती त्याची प्रारंभीची स्थिती आहे. मिळालेल्या साधनांचा उपयोग करून तेथून पुढे जाणे, ही त्या देणगीबद्दलची कृतज्ञता होय.

आपल्या घरांतून मात्र अनेकदा वेगळेच शब्द ऐकू येतात. सहामाहीत दोन विषय राहिले की “याला डोकेच नाही”, “शिक्षण आमच्या नशिबात नाही”, असा निर्णय दिला जातो आणि आठवी-नववीतला मुलगा गॅरेजवर, यंत्रमागावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसतो. मुलगी असेल तर तिचे दप्तर त्याहूनही लवकर सुटते. २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात नमूद आहे की ६ ते १४ वर्षे वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा मध्येच शाळा सोडून गेली होती. यामागे गरिबी आहे, जवळपास शाळा नसणे आहे, इतर कारणेही आहेत. परंतु जी मुले शाळेत बसलेली आहेत, त्यांना ‘डोके नाही’ म्हणून आपण स्वतः उठविणे, हे कारण तरी आपल्या हातातले आहे.

प्रस्तुत लेखात एकच गोष्ट सांगावयाची आहे. शाळेतील यश हे फार मोठ्या अंशी सवयीचे फळ असते, आणि ती सवय लावण्याची पद्धत इस्लामने आपल्याला आधीच शिकविलेली आहे.

प्रथम नियत

कर्मांचा आधार नियतीवर असतो, ही शिकवण देणारी हदीस ‘सहीह बुखारी’ या ग्रंथाच्या अगदी आरंभी आहे. विद्यार्थ्याने वर्षाच्या सुरुवातीला स्वतःला विचारावे की मी कशासाठी शिकतो आहे? शेजारच्या मुलाला मागे टाकण्यासाठी शिकणारा, तो पुढे गेला की खचतो. आईवडिलांच्या भीतीने शिकणारा, ते घरी नसले की पुस्तक मिटतो. हलाल उपजीविका मिळावी, आईवडिलांचा आधार व्हावे, समाजाच्या उपयोगी पडावे आणि यातून अल्लाहची प्रसन्नता लाभावी, अशी नियत असेल तर गणिताचे उदाहरण सोडविणे हेसुद्धा पुण्यकर्म ठरते. अशा मुलाला पहारेकरी लागत नाही.

सातत्याची किंमत

हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय असे कर्म ते, जे नेहमी केले जाते, मग ते थोडे का असेना. ही शिकवण आपण नफल इबादतींना लावतो. ती अभ्यासालाही तितकीच लागू आहे.

खुद्द कुरआनच्या अवतरणाकडे पाहावे. तो एकाच वेळी उतरला नाही. सुमारे २३ वर्षे थोडा-थोडा उतरत राहिला. विरोधकांनी आक्षेप घेतला की हा सारा एकदमच का उतरविला गेला नाही? ‘अल्-फुरकान’ सूरहच्या ३२ व्या आयतीत याचे उत्तर आहे : प्रेषितांचे हृदय दृढ व्हावे म्हणून. प्रेषितांचे सोबती याच रीतीने शिकले. अबू अब्दुर्रहमान सुलमी (रह.) हे आपल्या उस्तादांविषयी सांगतात की ते दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात झाल्याशिवाय पुढील आयतींकडे वळत नसत.

याउलट आपल्या मुलांची रीत पाहा. जूनपासून जानेवारीपर्यंत पुस्तके कोरी राहतात, आणि परीक्षा तोंडावर आली की रात्र-रात्र जागरण सुरू होते. अशा घाईने भरलेले ज्ञान प्रश्नपत्रिका हाती येईपर्यंतही टिकत नाही. रोज दीड तास, आठवड्यातून सहा दिवस, असा हिशोब केला तर महिन्याला सुमारे ३८ तास होतात. कोणतेही जागरण याची बरोबरी करू शकत नाही.

हिफ्जच्या वर्गातून घेण्यासारखा धडा

प्रेषितांनी (स.) कुरआन मुखोद्गत करणाऱ्याला बांधलेल्या उंटाच्या मालकाची उपमा दिली आहे. मालकाने लक्ष ठेवले तर उंट राहतो. दोर सैल सोडला तर निघून जातो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली आपले स्मरणविषयक प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतही हेच आढळले की शिकलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांत व दिवसांतच विसरला जातो, पण पुन्हा शिकताना श्रम कमी लागतात. म्हणून विसरणे हा मंदबुद्धीचा पुरावा नाही. दोर पुन्हा आवळण्याची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मदरशांतील हिफ्जच्या वर्गात या रोगावर उत्तम उपाय शतकानुशतके चालत आला आहे. तेथे मुलगा रोज तीन प्रकारचे पाठांतर ऐकवितो. आजचा नवा धडा म्हणजे ‘सबक’. गेल्या काही दिवसांतील धडे, ज्यांना अनेक ठिकाणी ‘सबक-पारा’ म्हणतात. आणि जुने पाठ म्हणजे ‘आमोख्ता’. जुने कच्चे असेल तर उस्ताद नवे देत नाहीत. दहा-बारा वर्षांची मुले या पद्धतीने ६,००० हून अधिक आयती हृदयात साठवितात. ज्याच्याविषयी शाळेत ‘लक्षात राहत नाही’ अशी तक्रार असते, तोच मुलगा मक्तबमध्ये पारे ऐकवीत असतो! उणीव डोक्यात नाही, पद्धतीत आहे.

हीच पद्धत शाळेच्या पुस्तकांना लावावी :

१. सबक : वर्गात आज जे शिकविले, ते आजच घरी एकदा वाचावे व त्यातील प्रश्न सोडवावेत.
२. सबक-पारा : त्यानंतर दहा मिनिटे या आठवड्यात झालेल्या धड्यांतील मुद्दे आठवून पाहावेत.
३. आमोख्ता : शुक्रवारी किंवा रविवारी मागील महिन्यांतील एक धडा काढून त्याची उजळणी करावी.

येथे ‘ऐकविणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हाफिज होणारा मुलगा कुरआन नुसता पाहत बसत नाही. तो बंद करून पाठ म्हणतो आणि अडेल तेथे उस्ताद सुधारतात. शाळकरी मुले मात्र तोच धडा चार वेळा वाचून ‘झाला’ म्हणतात. डोळ्यांना ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे. पायथागोरसचे प्रमेय वाचले असेल तर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आकृती काढावी आणि सिद्धता स्वतः लिहावी. जेथे हात थांबेल, तेवढेच पुन्हा पाहावे.

ऐकून घेणारी व्यक्ती फार शिकलेली असलीच पाहिजे असेही नाही. आपल्या पुष्कळ घरांत बोली उर्दू वा दखनी असते आणि पुस्तक प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असते. मुलाने गुरुत्वाकर्षणाचा धडा घरच्या बोलीत अम्मीला समजावून सांगावा. अम्मीने फक्त विचारावे, “असे का होते, बेटा?” जे आपल्या भाषेत सांगता येते ते खरोखर समजलेले असते.

नमाजच्या वेळा आणि अभ्यासाचे वेळापत्रक

पुष्कळ मुलांना वेळापत्रक पाळता येत नाही, अशी पालकांची तक्रार असते. परंतु मोमिनच्या घरात दिवसाचे पाच खुंट आधीच रोवलेले आहेत. अभ्यास त्यांना बांधावा, एवढेच करायचे आहे.

फजरनंतरचा वेळ सर्वांत मोलाचा. आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली. ही हदीस सांगणारे हजरत सख्र (रजि.) व्यापारी होते; ते आपला माल सकाळीच रवाना करीत आणि त्यांची भरभराट झाली, असे त्याच हदीसमध्ये आले आहे. या शांत वेळी पाऊण तास अवघड विषय घ्यावा. असर ते मगरिब मुलाला खेळू द्यावे. खेळ हा अभ्यासाचा शत्रू नाही. मगरिब ते इशा हा सव्वा-दीड तास घरात दूरदर्शन संच बंद ठेवून मुख्य अभ्यासाला द्यावा. इशानंतर जेवण, दुसऱ्या दिवसाचे दप्तर भरणे आणि झोप.

इशानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. आजच्या घरात या गप्पांची जागा मोबाइलने घेतली आहे. मध्यरात्रीपर्यंत पडद्यावर बोट फिरविणाऱ्या मुलाची फजर तर जातेच, शाळेतील पहिले दोन तासही डुलक्यांत जातात. रात्री सर्वांचेच फोन, अब्बांचासुद्धा, एका ठिकाणी ठेवण्याची शिस्त घराने पाळावी.

एका खोलीत सात-आठ माणसे राहत असतील तर घरात शांतता कोठून आणावी, हा प्रश्न खरा आहे. अशा मोहल्ल्यांत मशिदीच्या वा जमातच्या जागेत मगरिबनंतर अभ्यासिका सुरू करणे फार खर्चाचे काम नाही. सतरंजी, पुरेसा प्रकाश आणि लक्ष ठेवणारा एखादा पदवीधर तरुण, इतके पुरे. मुलींसाठीही अशी सोय तितक्याच काळजीने करावी.

विचारण्याची लाज नसावी

हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली, कारण लज्जेमुळे त्या धर्माचे ज्ञान मिळविण्यापासून मागे राहिल्या नाहीत. वर्गात न समजलेली गोष्ट त्याच दिवशी विचारावी. सर्वांसमोर संकोच वाटत असेल तर तास संपल्यावर शिक्षकांना आदबीने भेटावे. आज न विचारलेला प्रश्न पुढच्या तीन धड्यांना कच्चे ठेवतो.

ओले धान्य

बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले निघाले. फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे त्यांनी त्या विक्रेत्याला बजावले. कॉपी करून मिळविलेले गुण म्हणजे असेच ओले धान्य होय. परीक्षकाच्या हाताला ते लागले नाही, तरी अकरावीच्या वर्गात किंवा नोकरीच्या पहिल्या महिन्यात लागल्यावाचून राहत नाही. आणि अल्लाह तर सर्व पाहतच आहे. प्रामाणिकपणे मिळालेले ४५ गुण उसन्या ८० गुणांपेक्षा अधिक मोलाचे आहेत.

नापास झाल्यावर

एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की जे हितकारक आहे त्यासाठी झटावे, अल्लाहकडे मदत मागावी आणि हतबल होऊ नये. संकट आलेच तर ‘असे केले असते तर’ म्हणत बसू नये, अल्लाहची इच्छा होती ते झाले, असे म्हणावे. तकदीरवरील श्रद्धेची जागा येथे नेमकी कळते. झाल्या गोष्टीचे दुःख हलके करण्यासाठी ती आहे. पुढचा प्रयत्न टाळण्यासाठी नाही. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास व मग तवक्कुल करण्यास सांगितले होते.

दहावीत विषय राहिले तर शिक्षण मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. ज्याची शाळा सुटली आहे, त्याला वय व पूर्वशिक्षणाच्या अटी पूर्ण करून सतरा नंबरचा अर्ज भरता येतो आणि बाहेरून दहावीला बसता येते. जवळच्या माध्यमिक शाळेत याची माहिती मिळते. दार बंद झाले, असे मुलाला सांगण्यापूर्वी पालकांनी ही दारे ठोठावून पाहावीत.

इमाम शाफई (रह.) यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले होते. उस्तादांना देण्यासाठी त्यांच्या मातेकडे पैसे नव्हते आणि लिहायला कागद मिळत नसल्याने ते हाडांवर टिपणे काढीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या विधवा मातेने परिस्थितीकडे बोट दाखवून मुलाला शिक्षणातून उठविले नाही.

आईवडिलांसाठी

हजरत अनस (रजि.) यांनी बालपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. ते सांगतात की या काळात प्रेषितांनी आपल्याला कधी ‘उफ्’ देखील म्हटले नाही. हे का केलेस, ते का केले नाहीस, असा जाबही विचारला नाही. गुणपत्रिका हातात घेताना ही गोष्ट आठवावी. चुलत भावाशी तुलना, पाहुण्यांसमोर पाणउतारा आणि ‘डोके नाही’ हे तीन शब्द घरातून कायमचे हद्दपार करावेत. त्याऐवजी मुलाजवळ बसून विचारावे की कोणत्या धड्यात अडचण आहे? गुणांची स्तुती करण्यापेक्षा सलग पंधरा दिवस पाळलेल्या वेळेची स्तुती करावी. कारण गुण त्याच्या हातात पूर्णपणे नाहीत, वेळ पाळणे मात्र आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नव्या वर्षाची वा नव्या वहीची वाट पाहू नका. आज मगरिबची नमाज झाल्यावर एक धडा उघडा, वाचा, पुस्तक मिटा आणि कोणालातरी ऐकवा. उद्याही तेच करा. ‘ताहा’ सूरहच्या ११४ व्या आयतीत ज्ञानवृद्धीसाठी जी दुआ शिकविली आहे, ती अभ्यासाला बसताना आवर्जून म्हणा.

अल्लाह आपल्या मुलामुलींना हितकारक ज्ञान, श्रमांत सातत्य आणि वेळेत बरकत देवो. आणि आम्हा पालकांना त्यांचे आधार होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.