कोणते वानखडे?

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची अडत असलेल्या एका व्यापाऱ्याने शेतकरी, विक्रीच्या पट्ट्या आणि खरेदीदारांच्या नोंदी निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये आणल्या. दुकानातला मुलगा गूगल शीटमध्ये पट्टी भरायचा, एन-एट-एन या ऑटोमेशन साधनाचा वर्कफ्लो ती ओळ उचलून ग्राफमध्ये जोडायचा. प्रत्येक रन हिरवी. अंबिया बहाराचा हिशेब काढायला बसले तेव्हा काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या खात्यावर दुसऱ्याचा माल निघाला, आणि काही पट्ट्यांना तर शेतकरीच नव्हता. पैशाची वाट पाहणारी घरं खरी होती. ते निस्तरायचं काम माझ्याकडे आलं. त्यात जे दिसलं ते अशी जोडणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

मूळ दुखणं होतं नावावरून जोडण्याचं. आपल्याकडे वानखडे वेगळे, वानखेडे वेगळे, आणि एकाच गावात एकाच नावाचे दोघं-तिघं सहज निघतात. जुने दिवाणजी पट्टी लिहिताना विचारत, ‘कोणते वानखडे? बापाचं नाव सांगा.’ वर्कफ्लो विचारत नाही. त्या नावाचे जेवढे नोड, म्हणजे ग्राफमधल्या नोंदी, सापडतील तेवढ्या सगळ्यांना तो पट्टी जोडून मोकळा होतो.

त्याहून फसवं प्रकरण कुऱ्हा या गावाचं. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, डेटाबेसला मात्र दोन निराळी गावं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही ही दोन रूपं एक करत नाही; ओळ आत घेतानाच स्वतः बदल करून घ्यावा लागतो.

म्हणून जोडणी अडतीच्या खाते क्रमांकावरच करा. मोबाइल नंबरावर नको, बाप-लेक एकच नंबर देतात. आधार क्रमांक तर आतच घेऊ नका. खाते क्रमांक कायम मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर शीटमधून येताना 0127 चा 127 होतो आणि तोच माणूस परका ठरतो. त्या क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट लावा. निओफोरजेच्या फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीतही तो मिळतो. तो नसेल तर एकाच वेळी दोन रन धावल्या की एकाच शेतकऱ्याचे दोन नोड तयार होऊ शकतात.

मग सायफर या निओफोरजेच्या क्वेरी भाषेतल्या ‘मर्ज’कडे बघा. शेतकरी, नातं आणि पट्टी हे तिन्ही एकाच मर्जमध्ये लिहिलं की डेटाबेस तो आकृतिबंध अख्खा शोधतो. शेतकरी आधीपासून असला तरी नातं सापडलं नाही, तर तो सगळंच नव्याने घडवायला जातो, शेतकऱ्यासकट. आधी शेतकरी मर्ज करा, मग पट्टी, आणि शेवटी त्यांच्यातलं नातं. ओळी वाढतात, वाढू द्या.

आणि हिरव्या रंगावर विसंबू नका, हे मी कळकळीने सांगतो. सायफरमध्ये शोध घेणाऱ्या ‘मॅच’ला शेतकरी सापडला नाही तर एररही येत नाही, शून्य ओळी परत येतात आणि क्वेरी यशस्वी ठरते. एचटीटीपीच्या जुन्या ट्रान्झॅक्शन पत्त्यावर तर क्वेरी चुकीची असली तरी उत्तराचा कोड 200 असू शकतो. चूक आतल्या ‘एरर्स’ यादीत पडून असते. म्हणून क्वेरीने किती नाती जोडली ते परत मागवा, पुढे वर्कफ्लोमध्ये इफ नोड ठेवा, आणि जोड झाली नसेल तर ती ओळ वेगळ्या शीटमध्ये टाकून माणसाच्या नजरेस आणा.

दुरुस्तीच्या वेळी दुहेरी नोड सरसकट ‘डिटॅच डिलीट’ करू नयेत. त्यांना लटकलेली नाती त्यांच्यासोबत जातात, आणि ती नाती म्हणजे कुणाचे तरी पैसे. आधी बॅकअप, मग नाती योग्य नोडवर हलवणं, पुसणं शेवटी.

ज्यांचा असा फ्लो आज चालू आहे त्यांनी पुढची रन होण्याआधी दोन क्वेरी चालवून बघाव्यात: शेतकरी नसलेल्या पट्ट्या किती, आणि एकाहून जास्त शेतकरी असलेल्या पट्ट्या किती.