नक्की कळेपर्यंत थांबू नकोस

नाशिक

चि. सोनूस,

नोकरी सोडून तू दिवसभर खोलीचं दार लावून बसतेस, जेवणाचंही भान नसतं आणि ‘नक्की काय करायचं ते कळेपर्यंत कशालाच हात लावणार नाही’ म्हणतेस, असं ताईकडून कळलं. नोकरी सोडलीस त्याचं मला काही नाही. ते ‘कळेपर्यंत’ मात्र मला झोपू देत नाही. आधी आयुष्याचा अर्थ सापडेल आणि मग कामाला लागता येईल, हा क्रमच उलटा आहे गं.

आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचंच बघ. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, पुढे छापखाना. भागीदारांशी पटेना म्हणून तोही सुटला. चाळिशीतल्या त्या माणसाला ‘आता पुढे काय?’ विचारलं असतं तर काय सांगता आलं असतं? ज्या धंद्यात नाव व्हायचं होतं तो इथे अजून उभाच राहिला नव्हता. मग मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि कुतूहलाने झपाटले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि केलं काय, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून वाढेपर्यंत दिवसामागून दिवस त्याचं थोडंथोडं चित्रण केलं. ती इवलीशी फिल्म दाखवून भांडवल उभं राहिलं आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चित्रकला, फोटो, छपाई, सगळं त्यात कामी आलं. पण ही जुळणी कुणी आधी आखून ठेवलेली नव्हती.

तू म्हणशील, फाळके लाखांत एक, त्यांचं मला काय सांगतेस? बरोबर आहे. त्यांचंही पुढे सगळं सुरळीत झालं नाही. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर सिनेमा त्यांना मागे टाकून पुढे गेला आणि १९४४ साली ते इथे नाशकातच वारले. म्हणून यशासाठी मी हे उदाहरण देतच नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी चित्रपटासाठी अंगावरचे दागिने काढून दिले तेव्हा खात्री दोघांनाही नव्हती, तरी त्या दिवसांना अर्थ होता, एवढंच मला म्हणायचंय. दुसरं तू म्हणशील, विचार न करता धडपडणं उथळपणाचं. विचार हवाच, पण आज कशात वेळ कसा गेला कळलं नाही, कशाचा वीट आला आणि का, हे स्वतःला विचारायला दिवसात आधी काही घडावं लागतं. काहीच न करता स्वतःला नुसतं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर निकाल दर वेळी आपल्याविरुद्धच लागतो.

रागावून लिहिलं खरं, पण दोष तुझा एकटीचा नाही. आमच्या पिढीने ‘नक्की’ असेल तेच धरलं आणि त्यापायी कित्येकींच्या आवडी वाळून गेल्या. तोच ‘नक्की’चा धाक आम्ही तुमच्या हाती दिला. त्यातून तू स्वभावाने थेट आजोबांवर गेलेली, अर्धवट उत्तर तुला चालत नाही. तरी आज एखादं लहानसं काम हाती घे, त्याचं पुढे काय होईल ते विचारू नकोस. काही ठरलं नसलं तरी खुशाल इकडे ये. काय ठरवलंस, असं मी विचारणार नाही, ताईलाही विचारू देणार नाही. तू आहेस तशी मला हवी आहेस. तेवढं वेळेवर जेवत जा, बाळा.

तुझी,
मावशी