कळलावी

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यातील उजाड माळ, धुरे आणि जंगलाच्या कडा पाहता पाहता हिरव्या होतात. धानाची रोवणी आटोपत येते, त्या सुमारास नागझिरा-नवेगावकडील वाटांवर उंच गवताच्या व झुडपांच्या आधाराने एक नाजूक वेल वर चढू लागते आणि श्रावण-भाद्रपदात तिच्यावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले डोलू लागतात. हीच कळलावी होय. संस्कृतात हिला अग्निशिखा म्हणतात. 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली दिले. आपल्या तमिळनाडूने हे राज्यपुष्प मानले आहे, तर आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशाचे ते राष्ट्रपुष्प आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने रानातील फुले कशी वाढतात इकडे लक्ष देण्यास सांगितले. केवळ फूल पाहून आनंदित होणे वेगळे आणि ते कसे वाढते हे पाहणे वेगळे. तर मग विद्यार्थिमित्रहो, कळलावी कशी वाढते ते पाहू.

हिचे मूळ जीवन जमिनीखाली आहे. तेथे बोटाएवढा जाड, दुभंगलेला कंद असतो. त्याचा आकार नांगरासारखा भासतो, म्हणूनच संस्कृतात 'लांगली' हे दुसरे नाव पडले. पावसाच्या ओलाव्याने कंदास कोंब फुटतो व खोड वर येते. पण ते इतके दुर्बळ की स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. द्राक्षवेलीला किंवा दोडक्याला आधार धरण्यासाठी निराळे ताणे असतात. वालाची वेल तर सबंध खोडानेच काठीला वेढे घालते. कळलावी यांपैकी काहीच करीत नाही. तिच्या पानाचे टोकच लांब होत होत बारीक सुतासारखे होते, आणि गवताची काडी लागताच तिच्याभोवती वळसे घेते. पान एकच, त्याचा रुंद भाग अन्न तयार करतो आणि शेंडा हाताचे काम करतो! अगदी खालच्या पानांना बहुधा असा ताणा नसतो. जमिनीलगत त्याची गरजच काय? तो कोणत्या पानापासून दिसू लागतो, हे मुलांनी वेलीला हात न लावता मोजून पाहावे.

फुलाची रचना याहून नवलाची आहे. फूल खाली मान घालून लोंबते, परंतु त्याच्या सहा पाकळ्या उलट वर वळतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. प्रथम हिरवट, मग बुडाशी पिवळ्या व टोकाशी तांबड्या, शेवटी सर्वच गडद लाल, असा त्यांचा रंग पालटत जातो. एकाच वेलीवर निरनिराळ्या वयाची फुले निरनिराळ्या रंगांची दिसतात ती यामुळे. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेले असतात. स्त्रीकेसराचा दांडा मात्र बुडाशीच काटकोनात मोडल्यासारखा वळून बाजूला जातो. कोणाला वाटेल की फुलात व्यंग आहे. वस्तुतः या वळणामुळे फुलाचे स्वतःचे पराग त्याच्याच स्त्रीकेसराच्या टोकावर सहसा पडत नाहीत. मधासाठी फिरणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांना लागलेले दुसऱ्या फुलाचे पराग तेथे पोचण्यास वाव मिळतो.

आता नावाकडे वळू. कोणी म्हणतात, हे फूल घरात आणले की भांडण लागते, म्हणून ही कळलावी. ही समजूत निरुपद्रवी आहे. दुसरा अर्थ तसा नाही. हिच्या कंदाने प्रसूतीच्या कळा सुरू होतात अशी जुनी समजूत आहे, आणि त्या समजुतीने कंद पोटात देणे म्हणजे मातेच्या जीवाशी खेळणे होय. सर्व वेलच विषारी आहे; त्यातही कंद व बिया अधिक. हे विष, म्हणजे कोल्चिसीन, पेशींचे विभाजन रोखते. आतड्याचे अस्तर व हाडांतील मगज यांच्या पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे त्यांवर मोठा आघात होतो. खाल्ल्यानंतर काही तास विशेष काही जाणवत नाही. मग घशाची आग, ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. हा मधला स्वस्थतेचा काळच फसवा आहे. त्रास होण्याची वाट न पाहता रोग्यास ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे आणि वेलीचा तुकडा बरोबर न्यावा.

श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. आपल्याकडेही रानकंद खणून खाण्याची रीत आहे, म्हणून ओळख पक्की हवी. रानकंदांच्या बहुतेक वेली खोडाने वेढे घेतात, त्यांची पाने बहुधा रुंद, हृदयाकृती, जाळीदार शिरांची असतात. कळलावीचे पान लांबट, समांतर शिरांचे व टोकाला ताणा असलेले. पण पावसाळा सरल्यावर वेल वाळून जाते आणि ही खूण उरत नाही. ज्याची पाने पाहिली नाहीत असा कंद पालकांनी कदापि घरी शिजवू नये. कडूकांदा पुनःपुन्हा उकळून खाण्याजोगा करतात, तोच उपाय येथे चालेल असे समजू नये.

गंमत अशी की, पेशींचे विभाजन रोखणारा हाच गुण वैज्ञानिकांच्या उपयोगी पडला. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली व एव्हरी यांनी कोल्चिसीनने वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते असे दाखविले. जपानमध्ये बिनबियांचे टरबूज निर्माण झाले ते याच युक्तीने. संधिवाताच्या एका प्रकारावर, ज्यास गाउट म्हणतात, डॉक्टर हे औषध अगदी अल्प मात्रेत देतात. त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते व तिच्या बिया विकल्या जातात.

आपल्या माळावर मात्र तिची बोंडे पिकून फुटतात, आतील शेंदरी-लाल बिया उघड्या पडतात आणि वेल वाळून नाहीशी होते. जुना कंद खर्ची पडलेला असतो; त्याच्या जागी नवा कंद तयार होऊन पुढल्या पावसाची वाट पाहत मातीखाली निजून राहतो.