निर्मात्याचा हक्क आणि पुनर्मुद्रणाची परवानगी

स्मरणिका सिद्ध होत असताना जुन्या वहीतील कविता, संमेलनात गाजलेले भीमगीत वा एखादे दुर्मीळ छायाचित्र सहजपणे छापखान्याकडे रवाना होते. ते कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये कृतीचा पहिला स्वामी सामान्यतः तिचा निर्माताच असतो. नोंदणी केली नाही, म्हणून हा हक्क बुडत नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर, वेगळा करार नसल्यास, मालकाचा हक्क असतो. विद्यार्थ्याने लिहिलेली कविता मात्र शाळेची होत नाही. ती त्या विद्यार्थ्याचीच राहते.

साहित्यकृतीवरील हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला. तेथे मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. ती २०१७ अखेर संपली. तथापि, मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी त्याच्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो, हे विसरता कामा नये.

लोककवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत अबाधित आहे. तरीही भीमगीते अनेकदा कवीच्या नावाविना छापली जातात. गायक स्मरणात राहतो, शब्द देणारा विस्मृतीत जातो. हक्क दुसऱ्यास विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कायद्याने निर्मात्याकडेच ठेवला आहे. मात्र नाव छापणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. दोन्ही कर्तव्ये वेगळी आहेत.

वर्गात शिकविण्यासाठी शिक्षकाने उतारा उतरवून देण्यास कायद्याची मुभा आहे. स्मरणिकेतील पुनर्मुद्रण त्यात बसत नाही. त्यासाठी निर्मात्याची, त्याच्या वारसांची वा हक्कधारक प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. कोणती कृती, कोणत्या अंकात, किती प्रती, संकेतस्थळावरही ठेवणार काय, हे पत्रात स्पष्ट असावे. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांची संमती घ्यावी.

न दिलेले न घेण्याचे शील आपण नित्य उच्चारतो. दुसऱ्याचे शब्दही त्या ‘न दिलेल्या’त मोडतात. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या श्रमाचे मोल नाकारले गेले, त्या समाजाने तरी आपल्या कवीचे श्रम विनामूल्य व निनावी मानू नयेत.