पाठीवरचे घर

विरार स्थानकाच्या पूर्वेस मनवेलपाडा नावाची वस्ती आहे. आज ती इमारतींनी भरून गेली असून तेथील मुलांना घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. तरी त्यांच्या कानी घोडा वारंवार पडतो. आगाऊपणाला पायबंद घालावा, निबंधात खोगीरभरती करू नये, तोंडात घासाचा तोबरा भरू नये, असे त्यांना बजावण्यात येते. घोड्याचे पाय बांधण्याची दोरी तो पायबंद. खोगीर मऊ व्हावे म्हणून त्यात कोंबलेल्या चिंध्या, ती खोगीरभरती. आणि चंदीचा दाणा खाण्यासाठी घोड्याच्या तोंडाला अडकविलेली पिशवी, तो तोबरा. घोडा अंगणातून निघून गेला. त्याचे सामान तेवढे भाषेत राहिले.

परंतु सर्वच अंगणांतून तो गेलेला नाही. दिवाळी सरली की पारनेरकडील धनगर आपली मेंढरे घेऊन माळशेज घाट उतरतात आणि ठाणे व पालघर जिल्ह्यांतील भातखाचरांत येतात. भात कापून झालेले असते. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, त्यांच्या लेंडीमुताचे खत जमिनीला मिळते आणि मोबदल्यात धनगराला धान्य अथवा पैसे मिळतात. पावसाळा जवळ आला की ही मंडळी पुन्हा घाट चढून देशावर जातात. या वाटचालीत त्यांचे सगळे घर घोड्याच्या पाठीवर असते.

मुक्काम हलविण्याच्या दिवशी पुरुष मेंढरांचा कळप हाकीत पुढे जातात. घोड्यांचे काम बायकांकडे. हे काम दिसते तितके सोपे नाही. दोन्ही बाजूंचे ओझे सारखे नसेल, तर खोगीर कलते आणि घोडीच्या पाठीला जखम होते. म्हणून भांडी, पीठ, अंथरूण-पांघरूण, मेंढरांच्या वाघुरीची जाळी, सारे तोलून लादावे लागते. त्यावर कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि कधी कधी चालता न येणारे मूल कापडाने नीट बांधून बसविलेले असते. ज्या जनावराच्या पाठीवर आई आपले तान्हे मूल निर्धास्तपणे ठेवते, त्या जनावराचा स्वभाव तिला पुरता ठाऊक असला पाहिजे.

तो ठाऊक होतो सहवासाने. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असते व त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे एकदम पुष्कळ दाणा खाल्ला तर पोटशूळ उठून तो दगावूही शकतो. त्याने दिवसाचा बराच वेळ थोडे थोडे चरावे, हेच त्याला मानवते. तो उभ्या उभ्या डुलकी घेतो. मात्र गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते आणि भय वाटत असेल तेथे तो आडवा होत नाही. पालाशेजारी एखादी घोडी पाय पसरून निजली असेल, तर तिने ते ठिकाण आपले मानले असे खुशाल समजावे. घोडा हा कळपात राहणारा प्राणी. एकटाच बांधून ठेवला तर चारा-पाणी मुबलक असूनही तो झुरतो. हौसेने घोडा पाळणारे पुष्कळदा नेमके हेच विसरतात. धनगराच्या घोडीला महागडे तबेले लाभत नाहीत, पण चालायला वाट मिळते, सोबत मिळते आणि माणसांचे बोलणे अहोरात्र कानी पडते.

धनगरांचा खंडोबा स्वतःच अश्वारूढ आहे, तेव्हा या जनावराला घरात मान असावा यात नवल नाही.

ही घोडी बहुधा भीमथडी जातीची असतात. भीमा नदीच्या थडीवरून, म्हणजे काठावरून, हे नाव पडले. अंगाने बुटकी पण अत्यंत काटक अशी ही तट्टे मराठ्यांच्या फौजेत दूरदूरच्या मोहिमांवर दौडली. राजा बढे यांच्या ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीतातही त्यांचा उल्लेख आहे. फौजा संपल्या, पागा मोडल्या. मग हा वंश टिकला तो मुख्यतः मेंढपाळांच्या पालापाशी. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2023-24 मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा देशातील नोंदलेल्या अश्वजातींत तिचा क्रमांक आठवा लागला. जी गोष्ट धनगरांच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, ती कागदावर यायला एवढा काळ लागला!

तथापि नोंदीने चारा उगवत नाही. चराऊ राने कमी होत आहेत, जुन्या वाटांवर भरधाव मोटारी धावतात, आणि काही कुटुंबांनी आता बिऱ्हाडासाठी टेम्पो धरला आहे. टेम्पो तीन दिवसांची वाट काही तासांत तोडतो. त्याला पोटशूळ होत नाही की रात्री त्याच्यासाठी उठावे लागत नाही. पण डांबरी सडकेच्या कडेला तो थांबतो. तेथून पुढे ओढा असतो, चिखल असतो, खाचरांचे अरुंद बांध असतात आणि मुक्कामाचे रान त्यांच्या पलीकडे. मग सामान खाली उतरते, खोगीर चढते, आणि मूल पुन्हा घोडीच्या पाठीवर बसते.