पथ्य असावं, धास्ती नसावी

॥ श्री ॥

दुर्गाघाट, वाराणसी

चि. सौ. छकुलीस,


पाचवा महिना लागला आणि तब्येत ठीक आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण सोबत पाठवलेली टाळायच्या वस्तूंची यादी वाचली आणि कपाळाला हात लावला. सॉस, शाम्पू, क्रीम इथवर ठीक. त्यातच धनुर्वाताची लसही? का, तर 'प्रिझर्व्हेटिव्ह असतं'! उभा जन्म मुलींना रसायनशास्त्र शिकवण्यात गेला. आता भाचीचाही एक तास घेते.

बेन्झोइक आम्लाचंच बघ. सॉस, सरबतं, शीतपेयं टिकावीत म्हणून त्यांत सोडियम बेन्झोएट घालतात. वेष्टनावर त्याचा क्रमांक २११. ते आपल्या पोटात गेलं की यकृत त्याला ग्लायसीन जोडतं, त्याचं हिप्प्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. आता १९८२ सालची अमेरिकेतली गोष्ट ऐक. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या सलाइनच्या नळ्या ज्या द्रावणाने साफ करत, ते टिकावं म्हणून त्यात ०.९ टक्के बेन्झिल अल्कोहोल असे. शरीरात त्याचं बेन्झोइक आम्लच होतं. त्या इवल्या यकृतांना ते निस्तरता येईना. रक्तात आम्ल साठलं, बाळं धापा टाकू लागली, काही दगावली. तेव्हा एखादं रसायन चांगलं की वाईट, एवढंच विचारून भागत नाही. किती, कुठल्या वयात आणि कुठल्या वाटेने गेलं, हेही विचारायचं.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला २००७ साली तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि बेन्झोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. काही मुलांची चंचलता वाढली. रंग आणि बेन्झोएट एकत्रच दिल्यामुळे दोष कुणाच्या माथी मारायचा ते ठरेना, तरी युरोपने २०१० पासून त्या रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. रंगीत पेयाने कुठल्याच मुलाची वाढ होत नाही. मग संशयाचा फायदा मुलाला द्यावा, बाटलीला कशाला?

त्वचेची वाट वेगळी. क्रीम-लोशनमधली पॅराबेन्स शरीरात इस्ट्रोजेनची क्षीण नक्कल करतात आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतात. बाळावर नेमका काय परिणाम होतो, यावर अभ्यासांचं एकमत नाही. डेन्मार्कने मात्र २०११ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या प्रसाधनांतून प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन काढून टाकलं. दिलासा देणारी गोष्ट अशी की पॅराबेन्स अंगात फार काळ मुरून राहत नाहीत. कॅलिफोर्नियात सॅलिनास इथे १०० मुलींनी तीनच दिवस पॅराबेन नसलेली प्रसाधनं वापरली, तर लघवीतलं मिथिल पॅराबेन ४४ टक्क्यांनी उतरलं. तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. म्हणून आजवर लावलेल्याची हळहळ नको. धुऊन जाणारा शाम्पू नंतर बदल, दिवसभर अंगावर राहणारं क्रीम आधी. आणि बाळाचं ढुंगण पुसायला जुन्या धोतराचं मऊ फडकं नि कोमट पाणी. ओल्या वाइप्समधल्या मिथिलआयसोथायाझोलिनोनने कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठतं.

आता घरच्या वस्तूंचं. मोरावळा मागितलास. बनारसी आवळे टोचून, चुन्याच्या निवळीत ठेवून, वाफवून पाकात सोडले आहेत. तो वर्षभर टिकतो, कारण साखर पाणी इतकं धरून ठेवते की जंतूंना ते मिळतच नाही. आपल्या कायद्यातही मीठ, साखर, व्हिनेगर ही पहिल्या वर्गातली प्रिझर्व्हेटिव्हच! पण गरोदरपणात साखर वाढते कुणाकुणाची. तपासणी करून घे आणि मगच चमचाभर खा. मध तर कधी नासतच नाही, तरी बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला चाटवू नकोस, आजेसासूबाई कितीही म्हणाल्या तरी. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू निपचित पडलेले असू शकतात, आणि तान्ह्याच्या आतड्यात ते जागे होतात. थंडीत इकडे आलीस तर ठठेरी बाजारातलं मलइयो मागशील. रात्रभर दवात उघडं ठेवलेलं ते दूध. प्रिझर्व्हेटिव्हचा त्यात थेंब नाही, पण लिस्टेरियासारखे जंतू शिरले तर गरोदर बाईला ते फार महागात पडतं. या खेपेला राहू दे. पान-सुपारी आणि जर्दा यांचं तर नावच काढू नकोस.

राहिली लस. अनेक डोसांच्या कुपीत थायोमर्सल हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, त्यात पारा असतो, हे खरं. पण तो इथिल पारा; शरीर त्याला लवकर बाहेर टाकतं, आणि लसीतल्या मात्रेने अपाय झाल्याचा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांना मिळालेला नाही. उलट, ओल्या नाळेतून होणारा धनुर्वात हजारो घरांनी पाहिला आहे. २०१५ साली भारताने तो प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाच्याही खाली आणला, त्यात या लसीचा वाटा मोठा. धनुर्वाताचे मातीतले जंतू मात्र आहेत तिथेच आहेत.

तेव्हा यादी फाडून टाक. वेष्टन उलटून २११ सारखे आकडे वाचायची सवय लाव, रोजचं पाकिटातलं खाणं कमी कर, लोहाच्या गोळ्या आणि आयोडीनचं मीठ चुकवू नकोस. लस या आठवड्यात घे आणि घेतलीस की मला कळव. घरी वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझी,
आत्या