विजेवरची गाडी, उन्हाळा आणि कुत्रा

एप्रिल-मे महिन्यांत कर्जत-खालापूर भागात पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत विजेवरच्या गाडीतून कुत्र्याला नेताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की जिवाला धोका संभवतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा त्रास लवकर होतो.

निघण्यापूर्वी, गाडी चार्जिंगला असतानाच एसी लावून आतून गार करून घ्यावी. वाटेत द्रुतगती मार्गावर चार्जिंगसाठी थांबल्यास कुत्र्याला सावलीत उतरवून पाणी पाजावे. 'एसी चालू आहे' म्हणून त्याला आत एकटे ठेवू नये. या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. एसी बंद पडला तरी बाहेर कळत नाही. आणि उन्हात बंद गाडी १० मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते.

जोराची धाप, गळणारी लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. कुत्र्याला सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्यकांकडे न्यावे.